कर्जापोटी गेलेला वऱ्हाड प्रांत

इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. त्याच्यामागून आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांपैकी इंग्रजांचा अंमल समुद्रापासून दूरच्या आमच्या बुलढाणे मुलखात बसला, तो तोफेपेक्षा हिशेबाच्या वहीने. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामाकडे थकला. त्यापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. १८६० मध्ये सुमारे ५० लक्ष रुपयांचे कर्ज माफ झाले. प्रांत मात्र परत मिळाला नाही. १९०२ मध्ये तर वार्षिक २५ लक्ष रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला.

मोह कशाचा होता, हे खामगावच्या कापूसपेठेवरून ध्यानी येते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना; तेव्हा वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. पुढे १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्गही सुरू झाला. परंतु यादवी संपताच भाव कोसळले, आणि तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज कित्येक शेतकऱ्यांच्या माथी राहिले.

प्रांत गेला तो कर्जापायी. कित्येकांची शेते गेली तीही कर्जापायीच. आपल्या घरोघरी मोडीतील जुनी गहाणखते व पावत्या असतील. ज्ञातिबांधवांनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता जाणकाराकडून वाचून घ्यावीत, एवढीच आमची विनंती. आपल्या पूर्वजांचा इतिहास त्यांतच आहे.