निकेल बोरोकार्बाइड अतिसंवाहक

निकेल बोरोकार्बाइड अतिसंवाहक हा विरल मृत्तिका मूलद्रव्य (किंवा यिट्रियम), निकेल, बोरॉन आणि कार्बन या चार घटकांपासून बनलेल्या आंतरधातवीय संयुगांचा गट आहे. या गटातील अतिसंवाहकतेचा शोध १९९३-९४ मध्ये मुंबईत लागला. त्यांपैकी काही संयुगांत अतिसंवाहकता आणि चुंबकीय क्रम हे परस्परविरोधी मानले गेलेले दोन गुणधर्म एकाच स्फटिकात, एकाच तापमानाला आढळतात.

## पार्श्वभूमी

ठरावीक क्रांतिक तापमानाखाली अतिसंवाहकाचा विद्युत् रोध शून्य होतो. १९११ मध्ये हाइके कामरलिंग ओनस यांना हा आविष्कार पाऱ्यात सुमारे ४.२ केल्व्हिन तापमानाला आढळला. अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, हे माइसनर व ओक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतानुसार अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात आणि जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने परस्परविरुद्ध दिशांना असतात. लोहचुंबक सर्व परिवलने एकाच दिशेस वळवू पाहतो, त्यामुळे जोड्या मोडतात. १९५८ मध्ये मथायस व सहकाऱ्यांना असे आढळले की, लँथॅनममध्ये एखादा टक्का गॅडोलिनियम मिसळले तरी क्रांतिक तापमान झपाट्याने घसरते.

एर्बियम, ऱ्होडियम व बोरॉन यांच्या एका संयुगाचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते सुमारे ८.७ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. परंतु सुमारे ०.९ केल्व्हिनला लोहचुंबक होताच त्याची अतिसंवाहकता नाहीशी होते.

## शोध

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील संशोधकांना यिट्रियम-निकेल-बोरॉन मिश्रणात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकतेची चिन्हे दिसली. नमुन्याचा अल्प अंशच अतिसंवाहक होता. कार्बन मिसळल्यावर मात्र हा गुणधर्म संपूर्ण नमुन्यात प्रकट झाला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, बी. डी. पडालिया आदींचा हा शोधनिबंध जानेवारी १९९४ मध्ये *फिजिकल रिव्ह्यू लेटर्स* या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, फ्रान्समधील सी. गोदार हेही त्याचे सहलेखक होते. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या गटाने या संयुगांची स्फटिकरचना निश्चित केली, तसेच निकेलऐवजी पॅलॅडियम असलेल्या मिश्रणात सुमारे २३ केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळल्याचे जाहीर केले.

## रचना आणि गुणधर्म

स्फटिकात विरल मृत्तिका-कार्बन यांचे थर आणि निकेल-बोरॉन यांचे थर एकाआड एक असतात. निकेल हा एरवी लोहचुंबकीय धातू असला, तरी या संयुगांत त्याला स्वतःचे चुंबकीय आघूर्ण नसते. चुंबकत्व येते ते विरल मृत्तिका अणूंच्या आतील कवचांतील इलेक्ट्रॉनांमुळे.

| विरल मृत्तिका मूलद्रव्य | अतिसंवाहकता (केल्व्हिन, सुमारे) | चुंबकीय क्रम (केल्व्हिन, सुमारे) |
|---|---|---|
| ल्युटेशियम | १६.५ | नाही |
| थुलियम | ११ | १.५ |
| एर्बियम | १०.५ | ६ |
| होल्मियम | ८ | ५ |
| डिस्प्रोसियम | ६ | १० |

डिस्प्रोसियमच्या संयुगात चुंबकीय क्रम आधी प्रस्थापित होतो आणि अतिसंवाहकता त्यानंतर, म्हणजे आधीच चुंबकीय असलेल्या पदार्थात, अवतरते.

## सहअस्तित्वाची कारणे

या संयुगांतील चुंबकीय क्रम मुख्यतः प्रतिलोहचुंबकीय आहे. एका थरातील आघूर्णे एका दिशेस असतात, तर लगतच्या थरातील विरुद्ध दिशेस. इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा विस्तार अनेक थरांइतका असल्याने जोडीला जाणवणारा सरासरी चुंबकीय परिणाम जवळजवळ शून्य ठरतो. होल्मियमच्या संयुगात याचा पडताळा मिळतो. ५ केल्व्हिनच्या किंचित वर आघूर्णांची मांडणी सर्पिल असते आणि तेथे अतिसंवाहकता क्षीण होते; साधी प्रतिलोहचुंबकीय मांडणी येताच ती पुन्हा बळावते.

एर्बियमच्या संयुगात सुमारे २.३ केल्व्हिनखाली दुर्बल लोहचुंबकत्वही उद्भवते, तरी अतिसंवाहकता टिकून राहते.

## इतर पदार्थ

२००० मध्ये युरेनियम व जर्मेनियम यांच्या एका संयुगात, उच्च दाबाखाली, लोहचुंबकीय अवस्थेतच अतिसंवाहकता आढळली. तेथे जोडीतील परिवलने एकाच दिशेस असतात असे मानले जाते. अशा जोड्यांना लोहचुंबकत्व मारक ठरत नाही. म्हणजेच बोरोकार्बाइडांत चुंबकीय परिणाम परस्परांना छेदून जातो, तर युरेनियमच्या संयुगात जोडीचे स्वरूपच निराळे असते.