डी ड्राइव्ह आला कुठून?

उज्जैनच्या रामघाटावर श्राद्ध-तर्पणाला गेलेल्या माणसाला तीर्थपुरोहित आधी गाव आणि आडनाव विचारतात. त्यावरून यजमान कोणाचा ते ठरतं, मग त्या घराण्याची वही निघते. वाटणी पिढीजात, एकाच्या यजमानाला दुसरा हात लावत नाही. घरच्या कॉम्प्युटरवरची सी-डीची फाळणीही अशाच हक्काच्या वाटपातून आली, असा माझा दावा आहे. फायली सुरक्षित राहाव्यात हा विचार मागाहूनचा.

मार्च 1983 मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, 10 एमबीची हार्ड डिस्क घेऊन. सोबतच्या डॉस 2.0 ने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये एक तक्ता ठेवला. सेक्टर 512 बाइट्सचा, तक्ता 64 बाइट्सचा, त्यात 16-16 बाइट्सच्या चार ओळी: हिस्सा कोणाचा, कुठून सुरू, केवढा. गंमत अशी, की डॉसला त्यातली एकच ओळ मिळे. बाकीच्या होत्या सीपी/एम-86 सारख्या भाऊबंद ऑपरेटिंग सिस्टिम्ससाठी. तुमचे फोटो आणि पत्रं कोणाच्या गावीही नव्हती.

मग डॉसला डी मिळाला कधी? ए आणि बी फ्लॉपीकडे होते, म्हणून डिस्कला सी. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण डॉस सेक्टर मोजायचा 16 बिटांत, म्हणजे जेमतेम 65 हजार. गुणिले 512 बाइट्स, की 32 एमबीला गाडी अडली. बाजारात 40 एमबीच्या डिस्क आल्या, तेव्हा 1987 च्या डॉस 3.3 ने उरलेली जागा डी म्हणून तोडून दिली. पुढच्याच वर्षी डॉस 4.0 ने ती मर्यादा काढली. गरज सरली, डी राहिला.

यावर दोन आक्षेप येतात. युनिक्सवाले सांगतात, 1971 मध्येच आमच्याकडे वापरकर्त्यांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर होत्या. खरं आहे, पण तीही जागेची टंचाईच, आणि युनिक्सच्या जन्मघरातून, बेल लॅब्जमधून, आपल्या घरापर्यंत ही रीत आली असेल असं मला वाटत नाही. दुसरा आक्षेप लॅमिंग्टन रोडवरच्या असेंबलवाल्यांचा: विंडोज बिघडली की सी फॉरमॅट मारायचा, डीला धक्का नाही. डी टिकला तो यामुळेच, हे मान्य. जन्मला मात्र नाही.

आणि हे संरक्षणही अर्धंच. डिस्कच बसली, तर सीबरोबर डीही जातो. बॅकअप दुसऱ्या डिस्कवरच हवा.