जुनी गाडी घेताय? आरसीवर नाव कोणाचं ते आधी बघा

आंबागड-तुमसर भागात चारचाकी घ्यायची म्हटली की बरेच जण जुनीच बघतात. कुणी नागपूरहून आणतो, तर कुणी मध्य प्रदेशची हद्द जवळ म्हणून बालाघाट-शिवनीकडून. इंजिन आणि टायर बघायला चार जाणकार सोबत येतात, कागद मात्र कुणी उघडत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी झाली, कोऱ्या टीटी फॉर्मवर सही मिळाली, की गाडी आपली झाली असं समजतात.

तसं नसतं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. चार हात बदललेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या पहिल्या मालकावर टाकली. गाडी कधीच विकली, हे त्याचं म्हणणं चाललं नाही. म्हणून विकणाऱ्यालाही ही तेवढीच घाई हवी.

टीटी फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्यावरचं नाव १४ दिवसांत बदलून घ्यायचं. समोरच्याला इजा झाली तर विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर दुसऱ्याच्या नावाच्या पॉलिसीवर कंपनी पैसे देत नाही.

कर्जावरची गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. हप्ते फिटले, एवढं तोंडी ऐकून चालत नाही. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ हातात घ्या, मगच बयाणा द्या. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विम्याची मुदत असं बरंच दिसतं. थकलेली ई-चलनंही तपासा. चेसिस नंबर मात्र स्वतः वाकून आरसीशी जुळवा.

एमपी ५० किंवा एमपी २२ ची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (नमुना २८) लागते. मग भंडाऱ्यात एमएच ३६ ची नोंद आणि इथला कर. हा कर धरला की स्वस्तातली गाडी बरेचदा स्वस्त राहत नाही. ‘परराज्यातला नंबर वर्षभर चालतो’ असं सांगणारे भेटतील. ती १२ महिन्यांची मुदत नवा नंबर घेण्यासाठी आहे, नाव बदलायची मुदत त्याने वाढत नाही.

सर्वात अडकतं ते मरहूम मालकाच्या गाडीत. थोरला मुलगा व्यवहार करतो, सही करतो. पण शरीयतच्या वारसा कायद्यात बेवा, मुलं, मुली सगळ्यांचा हिस्सा आहे. मुलीचा मुलापेक्षा निम्मा असला तरी तो आहेच. लग्न होऊन गोंदियाला गेलेल्या बहिणीची संमती नसेल तर तक्रार कधीही उभी राहू शकते. आधी गाडी नमुना ३१ ने मृत्यू दाखल्यासह वारसाच्या नावावर होऊ द्या, बाकी वारसांची लेखी संमती घ्या, नंतर त्याच्याकडून विकत घ्या. मरहूमच्या नावाची जुनी सही असलेला फॉर्म कुणी दाखवला तर तिथूनच परत फिरा.

नोंदीला १५ वर्षं होत आली असतील तर नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्चही किमतीत धरा. पैसे शक्यतो बँकेतून द्या. काही रक्कम आरसीवर आपलं नाव चढेपर्यंत राखून ठेवायची अट करारातच लिहून घ्या.