पुरोहित म्हणजे कोण?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्न लावायला तालुक्याहून बाई पुरोहित आणायची, असं लेकीनं घरी सांगितलं. बैठकीत हप्ते राहिले बाजूला, हाच विषय निघाला. एक आजी म्हणाल्या, "बाई कधी पुरोहित असते का?" आम्हालाही नीट सांगता येईना. म्हणून आम्ही आधी त्या शब्दाचाच अर्थ शोधला.

पुष्कळ जण सांगतात, पुराचं म्हणजे गावाचं हित करतो तो पुरोहित. ऐकायला गोड आहे, पण तसं असतं तर शब्द 'पुरहित' झाला असता. खरी फोड आहे 'पुरस्' आणि 'हित'. पुरस् म्हणजे पुढे. 'पुरस्कार' या शब्दातही तोच आहे. आणि इथल्या 'हित'चा अर्थ आहे ठेवलेला. म्हणजे पुरोहित हा पुढे ठेवलेला, पुढे केलेला माणूस.

शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला पुरोहित म्हटलं आहे. त्या काळी राजे पुरोहित नेमत. सुदास राजाचे पुरोहित वसिष्ठ होते. पुढे हे काम घराण्यात राहिलं, बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. मग पुढे करणारे कोण, हेच लोक विसरले.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाशिवाय लग्नं लागू लागली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपूरच्या मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले. मग मंदिर समितीने पूजेसाठी बायकांकडूनही अर्ज मागवले. पुण्यात तर बायका कित्येक वर्षं पौरोहित्य शिकून लग्नं लावत आहेत.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण गटाची अध्यक्ष निवडतो, तसंच की गं!"

अगदी तसंच, आजी. चौघीजणी पुढे करतात, म्हणून ती पुढे बसते.

मुलाकडच्यांचा होकार अजून यायचा आहे. त्यांच्याशी बोलायला ताईंसोबत आजीही जाणार आहेत. मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या कार्यात तुम्ही कुणाला पुढे कराल?