आयर्लंडच्या ग्रामीण जीवनातील फिरता शिंपी

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतून, विशेषतः पश्चिमेकडील परगण्यांत, एकोणिसाव्या शतकात व त्यानंतरही काही काळ अंगावरचे वस्त्र पुष्कळदा घरच्या मेंढीच्या लोकरीचे असे. लोकर धुणे, पिंजणे व चरख्यावर सूत काढणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करीत. खडकावरील दगडफूल उकळून किंवा विकतची नीळ वापरून रंगही त्याच देत. पुढे ते सूत विणकराकडे जाई. विणलेले कापड पाण्यात तुडवून, आटवून दाट झाले, म्हणजे मग शिंप्यास बोलावणे जाई.

शिंपी सुई, कातर व जड इस्त्री घेऊन येई. टेबलावर, किंवा बिजागरीतून काढून आडव्या टाकलेल्या दारावर, तो मांडी घालून बसे आणि कुटुंबाचे कपडे पुरे होईपर्यंत त्याच घरी जेवी व निजे. घरोघर हिंडणारा असल्यामुळे वार्ता, सोयरिकी व कथा त्याच्याबरोबर फिरत. पायाने अधू असलेल्या मुलास बैठे काम म्हणून हा धंदा शिकविण्याची चाल होती.

१८५१ मध्ये पेटंट मिळालेल्या सिंगरच्या शिवणयंत्राचा प्रसार व दुकानांतील तयार कपडे यांमुळे ही फिरती हळूहळू थांबली. तथापि तिची स्मृती टिकली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकरवी वृद्धांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यात गावी तयार होणारे कपडे हा एक नेमलेला विषय होता. कॉर्क परगण्यातील टिमथी बकली या शिंप्याच्या संभाषणांवर आधारलेला एरिक क्रॉसचा ‘द टेलर अँड अ‍ॅन्स्टी’ हा ग्रंथ १९४२ मध्ये निघाला. त्याच वर्षी त्यावर बंदी आली व ती १९६३ पर्यंत टिकली.

या साधनांचा उपयोग करताना एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. शिंपी हा बोलका व परगावचा, म्हणून तो व्यक्ती म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. सूत कातणारी स्त्री घरचीच. तिचे काम रोजचे व बिनमजुरीचे, म्हणून त्याची आठवण बहुधा केवळ कृतीच्या रूपाने उरली. वास्तविक एका अंगरख्यामागील अधिक तास चरख्यापाशीच गेलेले असत. आठवणींतील जागेवरून श्रमाचे माप ठरविल्यास गृहोद्योगाचा इतिहास अपुरा राहील. मेंढीपासून शिवणीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर कोणाचे हात होते, हा प्रश्न अभ्यासकाने म्हणूनच प्रथम विचारावयास हवा.