काउंटरच्या पल्याडची बॅट

क्रिकेटचा इतिहास लिहिणारे धावा मोजतात, बळी मोजतात. बॅट विकली कुणी, घेतली कुणी आणि हातात धरू दिली कुणाला, हा हिशेब कुणी मांडत नाही. आपण मांडू.

पालवणकर बाळू घ्या. पुण्यात हा चांभाराचा पोरगा आणि त्याचा भाऊ शिवराम खेळ शिकले ते लष्करातल्या साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर. दुकान त्यांच्या वाट्याला आलंच नाही. पुढं बाळू क्लबात नोकरीला लागला, साहेबांना बॉलिंग टाकू लागला, हिंदूंच्या संघात गेला. तिथं त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याच्या बोटांनी फिरवलेला चेंडू चालायचा, कप मात्र बाटायचा! १९११ ला त्यानं इंग्लंडात ११४ बळी घेतले. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ ला हिंदू संघाचा कप्तान झाला. १९३७ ला काँग्रेसनं बाळूला बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं, बाबासाहेब निवडून आले. तो विषय वेगळा.

आता तो चेंडू बघा. आत बूच, त्यावर दोरा गुंडाळलेला, वर तुरटीनं कमावलेलं कातडं, सहा ओळींची शिवण. वजन १५६ ते १६३ ग्रॅम. १९४७ च्या फाळणीत सियालकोटचे कारखानदार जालंधरला आणि मेरठला आले, धंदा तिथं वाढला. मेरठला शिवण घालणाऱ्यांत जाटव पुष्कळ. म्हणजे आपलीच माणसं. चेंडूवर सोनेरी छाप कंपनीचा. शिवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

हाच चेंडू कल्याणात आमच्यापर्यंत यायचा तो काचेच्या कपाटातून. आम्ही रबरी बॉलवर खेळायचो, सिझन बॉल घ्यायचा म्हटलं की वर्गणी काढायची. स्टेशनजवळ एक दुकान होतं. मालक आधी आडनाव विचारायचा, मग वस्ती. वस्ती सांगितली की म्हणायचा, "पैसे ठेव, मग दाखवतो." वरच्या आळीतला पोरगा मात्र त्याच काउंटरवर बॅट उचलून हवेत फिरवायचा, वर उधारीत न्यायचा. उधारी ओळखीवर चालते आणि ओळख कशावर चालते ते सांगायला नको. म्हणून आम्ही लोकलनं व्हीटी गाठायचो, तिथून चालत धोबीतलाव, मेट्रो सिनेमाजवळ. तिथं दुकानाला दुकान लागून, तू कुठला हे विचारायला कुणाला सवड नव्हती. भावही करता यायचा.

सगळेच छोटे दुकानदार तसले, असं मी म्हणणार नाही. ठाण्यात एकानं आमच्या चिरलेल्या बॅटला दोरा गुंडाळून दिला, पैसे पगारानंतर घेतले.

मग मोठी दुकानं आली. डेकॅथलॉन ही १९७६ ची फ्रेंच कंपनी. २००९ ला बंगळुरात घाऊक विक्रीनं सुरुवात केली, २०१३ ला किरकोळ विक्रीची परवानगी मिळाली, पुढं ठाण्यातही आली. बॅट उघड्या फळीवर, कुणीही उचलावी. माझी पुतणी अर्धा तास बॅटी फिरवून बघत होती, आडनाव कुणी विचारलं नाही. ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण भाव ठरलेला, उधारी नाही, वर्गणी कमी पडली तर बॅट फळीवर परत. आणि मॉलचा संडास कोण धुतं, तेही एकदा बघून या.

कल्याणचं ते जुनं दुकान अजून आहे. काचेच्या कपाटात आता ट्रॉफ्या जास्त. १४ एप्रिलच्या आमच्या टूर्नामेंटच्या ट्रॉफ्या तिथूनच येतात. मालकाचा पोरगा टी-शर्टवर बाबासाहेबांचा फोटो छापून देतो, ॲडव्हान्स मागत नाही. म्हणतो, "जुनी ओळख आहे."