रिले गेले, शिडी राहिली

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने मागणी नोंदवली: रिलेंची जागा घेईल असे इलेक्ट्रॉनिक यंत्र हवे.

रिले म्हणजे विद्युत्चुंबकाने उघडझाप करणारा खटका. गिअरबॉक्सच्या कारखान्यात कोणते यंत्र केव्हा चालावे, हे रिलेंनी भरलेली कपाटे ठरवीत. सारा तर्क तारांच्या जोडणीतच. त्यामुळे मोटारीचे नवे मॉडेल आले की तारा उपसून जोडणी नव्याने करावी लागे. एखादा रिले रुसला, तर त्या जंगलात तो हुडकेपर्यंत काम खोळंबे.

मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्सच्या डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी त्यावर 'मॉडिकॉन ०८४' उभा केला. (हा त्यांचा ८४वा प्रकल्प, नावाचे रहस्य एवढेच.) आजच्या पीएलसीचा हा पूर्वज. जोडणी आता तारांत नव्हे, स्मृतीतल्या प्रोग्रॅममध्ये बदलायची.

खरी मेख पुढेच होती. यंत्र नवे, पण ते सांभाळणारे इलेक्ट्रिशियन जुनेच. त्यांना प्रोग्रॅमिंग येत नव्हते. येत होते ते रिलेंचे आराखडे वाचणे: दोन उभ्या रेषा, मध्ये पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. हीच चित्रलिपी नव्या यंत्राची भाषा झाली, 'लॅडर लॉजिक'. या साऱ्या स्थलांतरातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. अन्यथा बिघाड झाल्यावर त्या पेटीला हात लावण्यास कोण धजावले असते?

सुरुवातीच्या ०८४ पैकी एक जनरल मोटर्सकडे जवळपास २० वर्षे अखंड राबून निवृत्त झाला. १९९३ मध्ये अशा नियंत्रकांच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यातही ती शिडी होतीच.